पाऊणकी

टाचणवहीत सहा रकाने असतात.
पहिल्यात मी लिहिलं : अपूर्णांक, तीन छेद चार.
दुसऱ्यात साहित्य : पुठ्ठ्याच्या भाकऱ्या,
बेलापूरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून,
प्रत्येकीचे चार तुकडे, मागे चुंबक.
दोन रात्री कापत बसले होते.
अंगठ्याला फोड.

सहावी ब. दुपारची शाळा. दिवाळे गाव.
भाकऱ्या फळ्याला झकास चिकटल्या.
मुलांनी तीन तुकडे रंगवले, चौथा सोडला.
"किती उरलं?"
"एऽऽक," सगळे म्हणाले,
हजेरीला हजर म्हणावं तसे,
आणि पंख्याकडे बघत बसले.

फक्त मागच्या बाकावर दर्शिका नाखवा
बोटांची पेरं मोजत होती.
काय गं?
"काय नाय बाई. आज पंचमी.
पावनेचारला पानी भरंल, पप्पांची होरी सुटंल."
तुला कसं कळलं?
"पाच पाऊन पावनेचार."
कुणी आपलं नाव सांगावं, तसं सांगितलं तिनं.

मी खडू खाली ठेवला.
एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड,
तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन...
मी शाळेत जाईपर्यंत ही पाठ पुसली गेली होती.
तिच्यावर पाणी चढतं
हे मला बी.एड.ला कुणी बोललं नव्हतं.

पुढच्या पंचमीला पंधरा दिवस होते.
घरत सर म्हणाले, जेट्टीवर? अडतीस मुलं?
निष्पत्ती काय लिहू?
मी म्हटलं, दोरी लागेल, आणि पालकांच्या सह्या.

रात्री वहीत गट पाडले.
युवराज राठोडच्या नावापाशी अडकले.
मागच्या दिवाळीनंतर आला, विजापूरकडचा,
बाप उलव्याला स्लॅबवर.
त्याला खाडी म्हणजे नुसता वास.
त्याच्यापुढे लिहिलं : निरीक्षण करील.
खोडलं.
काहीच सुचलं नाही, तसंच झोपले.

पंचमीला आम्ही बांबू रोवला, रंगाच्या खुणांचा.
उत्तर आधी लिहायचं, मग बघायचं,
एवढा एकच नियम.
युवराज लांबून म्हणाला, बांबू तिरका आहे.
खिशातून सुतळी काढली, दगड बांधला,
ओळंबा धरून उभा राहिला
एक डोळा मिटून, बापासारखा असणार.
तिघांनी मिळून बांबू सरळ केला.

अडतीस चिठ्ठ्यांवर पावणेचार.
पावणेचार वाजले.
पाणी चढतच होतं.
चार. अजून चढतंय.
चार वाजून दहा मिनिटांनी
लाल खुणेपाशी ते थबकलं,
आणि एक चप्पल उलटी वाहू लागली.

"पाऊणकी चुकली! दर्शिकाची पाऊणकी चुकली!"
तिचे कान लाल.
उत्तर माझ्या जिभेवर होतं, पाठ करून आणलेलं.
मी ते गिळलं.
गप्प बसणं कुठल्या रकान्यात लिहितात
मला अजून माहीत नाही.

घड्याळ पुढे असंल.
पुलाच्या खांबांनी अडवलं असंल.
पंचमी रात्रीच लागली असंल, आपण उशिरा धरली.
मग युवराज, सुतळी गुंडाळत :
पाणी समुद्रातून चालत येतं ना बाई,
त्याला वेळ लागेल.
सगळे एकदम खाडीच्या तोंडाकडे वळले,
जिथून ते येतं.
कुणी विचारलं, मग वाशीला किती वाजता?
कुणी विचारलं, आणि ठाण्याला?
शाळा सुटल्याची घंटा इथवर ऐकू आली,
कुणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दर्शिका दारातच :
"पप्पा हसले. म्हनले, आपल्या बंदराला पानी उशिराच,
सगल्यांना ठावं हाय.
मीच इचारलं नव्हतं."

सहावा रकाना रिकामाच आहे.
घरत सर दोनदा मागून गेले.
भाकऱ्या कपाटात; एक युवराजनं नेली,
ओळंब्याची सुतळी गुंडाळायला.
आणि मुतारीच्या भिंतीवर कुणीतरी
माझ्याच खडूनं अख्खी पाऊणकी लिहिलीय,
दहापर्यंत,
प्रत्येक ओळीपुढे : अधिक पंचवीस मिनिटं.
सातव्या ओळीत चूक आहे.
मी अजून पुसलेली नाही.